वेळ सारखा, डेटा नाही
मोबाइल टॉवरने कोणत्या फोनला केव्हा डेटा द्यायचा हे ठरवणं म्हणजे शेड्यूलिंग. त्यातली ‘प्रपोर्शनल फेअर’ पद्धत सगळ्यांना समान न्याय देते, हे तुमच्या लेखातलं विधान सरसकट पटलं नाही. या पद्धतीत ज्याची या क्षणी शक्य असलेली गती त्याच्याच आजवरच्या सरासरीच्या मानाने जास्त, त्याचा नंबर आधी. त्यामुळे वेळ साधारण सारखा वाटला जातो, डेटा नव्हे. सेलच्या, म्हणजे टॉवरच्या टप्प्याच्या, कडेला क्षीण सिग्नलवर बसलेल्याचा व्हिडिओ अडखळायचा तो अडखळतोच. शिवाय पॅकेट (डेटाचा तुकडा) किती वेळ ताटकळलंय हे ही पद्धत मुळात बघतच नाही. म्हणून तर एलटीईत (४जी) आवाजी कॉलसाठी १०० मिलिसेकंदांच्या विलंबमर्यादेचा वेगळा वर्ग आहे. गंमत म्हणजे दर मिलिसेकंदाला निवाडा करणारा हा शेड्यूलर कसा असावा, हे एलटीईच्या मानकात ठरवलेलंच नाही, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर सोडलंय. त्यावर लिहा की एकदा!