ताट वेगळं करू नका, रक्त तपासा

पावसाळा लागला की आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदाही आला, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मेसेज असा: ‘हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळच. उष्ट्यातून पसरते, पेशंटचं ताट-वाटी वेगळं ठेवा. हळद बंद, उसाचा रस चालू. कावीळ उतरवून घ्या. डोळे पांढरे झाले की आजार मुळासकट गेला. डॉक्टरच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं. लस फक्त लहान मुलांसाठी.’

मी २२ वर्षं परळच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. यातलं एकेक वाक्य मी घराघरांत माणसांचं नुकसान करताना पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

आधी मुळातला घोळ. कावीळ हा आजार नव्हे, लक्षण आहे. यकृताला सूज आली की रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साठतं, डोळे आणि लघवी पिवळी दिसते. मुंबईत पावसाळ्यात गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून जी कावीळ होते, ती हिपॅटायटिसच्या ए नाहीतर ई विषाणूची. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, हे सांगणं तिथे अगदी बरोबर. बी विषाणूचा पाण्याशी काही संबंध नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. एकाला वापरलेली सुई, दुसऱ्याचं रेझर, दुसऱ्याचा टूथब्रश, यांतूनही. शरीराबाहेर हा विषाणू निदान सात दिवस तग धरतो. तेव्हा सलूनमध्ये नवं ब्लेड मागताना लाजू नका.

आता ताट. गेल्या वर्षी लालबागच्या एका चाळीत सातव्या महिन्यातल्या सुनेचं रक्त घ्यायला गेले होते. गरोदरपणाच्या तपासणीत तिचा एचबीएसएजी, म्हणजे रक्तात बी विषाणू आहे का हे सांगणारी टेस्ट, पॉझिटिव्ह आला होता. मोरीशेजारी एक स्टीलचं ताट भिंतीला टेकवून वेगळं ठेवलेलं, कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. ‘हिचं कळावं म्हणून,’ सासूबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. मेसेज त्यांच्याही फोनवर होता. बाळाला अंगावर पाजू द्यायचं नाही, हेही ठरलं होतं.

मी म्हटलं, काकू, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच बाथरूम वापरल्याने हा आजार होत नाही. दूधही पाजायचं. बाळाला जपायचं ते वेगळ्या मार्गाने: जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन. आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर डॉक्टर शेवटच्या तीन महिन्यांत तिला गोळीही देतात. ते २४ तास हातचे गेले तर मात्र पस्तावायची वेळ येते. जन्मावेळी लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांमध्ये हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरांतल्या पंचाण्णव जणांचं शरीर त्याला स्वतःच हुसकावतं.

कावीळ उतरवणाऱ्यांचं सगळं नाव या पंचाण्णव जणांवर चालतं. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं, लोकांना वाटतं कावीळ उतरली. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, त्याला चुना लागला की पिवळा रंग येतो. निरोगी माणसाचे हात धुवा, तेच होईल. कावीळ उतरवायला गळ्यात घातलेली काड्यांची माळ वाढते, कारण काड्या सुकून बारीक होतात आणि दोरा सैल पडतो. माणूस बरा होणारच होता, तो स्वतःच्या शरीरामुळे झाला. नाकात औषध टाकणाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका.

हळदीने काही बिघडत नाही. बंद करायची ती दारू. आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस पावसात प्यायलात, तर त्यातून ए किंवा ई व्हायची.

‘डोळे पांढरे झाले की गेला’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त छळतं. ज्यांच्या अंगात हा आजार वर्षानुवर्षं असतो, त्यातल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात. मंडळाच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीचा फोन येतो, किंवा आखाती देशाच्या व्हिसासाठी मेडिकल होते, तेव्हा कळतं. तोवर कुणाचं यकृत आकसून सिरॉसिस झालेला असतो, कुणाला यकृताचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात जवळपास तीन कोटी लोक हा विषाणू घेऊन जगत होते. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर तो जुनाट आजार, मग डोळे कसेही दिसोत.

गोळ्यांबद्दल. सगळ्यांना त्या लागत नाहीत. विषाणूचं प्रमाण, यकृताची तपासणी आणि सोनोग्राफी पाहून डॉक्टर ठरवतात. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या गोळ्या विषाणू मुळासकट काढत नाहीत, पण दाबून ठेवतात आणि यकृत वाचवतात. मनाने गोळी बंद केली की विषाणू उसळतो, आणि तेव्हा खरंच यकृत जाऊ शकतं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. खर्चाची भीती वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात विचारा.

लसही मोठ्यांना चालते: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. देशभरात ती सरकारी लसीकरणात २०११ मध्ये आली, म्हणजे आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांतल्या पुष्कळांनी ती घेतलेलीच नाही. आधी रक्त तपासायचं, निगेटिव्ह असेल तर लस.

लालबागच्या त्या घरात सासूबाई, सासरे आणि नवरा, तिघेही निगेटिव्ह आले. तिघांनी लस घेतली. सुनेची आई मात्र पॉझिटिव्ह निघाली, बहुधा लेकीला तिच्याकडूनच आलं असावं. आता सुनेच्या पाठच्या भावाचं रक्त तपासायचं राहिलंय. तो जहाजावर असतो, गणपतीला येईल तेव्हा.