उत्तर कुणी फोडू नका

कोडं टाकण्यापूर्वी मी ते तीनदा वाचतो. टाकल्यावर पाचदा. मग फोन पालथा ठेवतो, आपल्याला काही पडलेली नाही असा चेहरा करतो आणि चाळीस सेकंदांनी उचलून बघतो. बारा जणांनी वाचलेलं असतं. उत्तर एकाचंही नसतं. एकाने नुसता अंगठा दाखवलेला असतो. कोड्याला अंगठा! म्हणजे उत्तर आलं, कोडं आवडलं, की पुरे कर बाबा?

आमचा ग्रुप मूळचा सहलीसाठी काढलेला. सहल काही ठरली नाही, ग्रुप तेवढा उरला. त्यात काहीतरी चाललेलं असावं म्हणून मी रोज एक कोडं टाकायला लागलो. खाली कायमची अट: 'उत्तर कुणी फोडू नका, मला वेगळं कळवा.' ही अट आजवर एकदाही पाळली गेलेली नाही.

सुरुवात तळ्यापासून केली. तळ्यात कमळाची पानं आहेत, रोज दुप्पट होतात, ४८ दिवसांत तळं पूर्ण झाकतं. तर अर्धं तळं कितव्या दिवशी झाकलं होतं? शेन फ्रेडरिक नावाच्या प्राध्यापकाने घाईने उत्तर देणारा कोण आणि थांबून विचार करणारा कोण हे ताडायला २००५ साली तीन प्रश्न छापले, त्यातला हा एक. 'चोवीस' आपोआप जिभेवर येतं, हीच त्यातली मेख. नामांकित विद्यापीठांतली पोरंही त्यात आपटली आहेत. आमचेही आपटतील आणि मग मी मोठ्या मनाने समजावून सांगेन, असा बेत होता. समजावणी आधीच टाइप करून ठेवली होती.

पहिलं उत्तर आमच्या बँकवाल्याचं. '२४.' पाच सेकंदांत त्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे'. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं, एक मैत्रीण सोडून. तिने विचारलं, 'काय होतं?' ती प्रत्येक ठिकाणी मिनिटभर उशिरा पोचते आणि ग्रुपवर एवढंच विचारते.

मग वकील उतरले. 'तळं कोणाच्या मालकीचं? ४९व्या दिवशी पानं कुठे जाणार?' इंजिनियर म्हणाला, रोज दुप्पट हे गृहीतच चूक आहे, उन्हाचा हिशेब कुठाय? दोन तास तळं साफ कसं करावं यावर खल झाला. ४७ हे उत्तर शेवटी मीच सांगितलं. त्यावर एक अंगठा आला.

याहून त्रासदायक म्हणजे आठ सेकंदांत उत्तर देणारा. आठ सेकंदांत माझा प्रश्न वाचूनही होत नाही. पण हा गृहस्थ वर लिहितो, 'थोडं डोकं खाजवल्यावर असं वाटतं की...' आणि खाली अस्खलित, परिच्छेद पाडलेलं उत्तर. एकदा तर शेवटी 'अधिक वाचा' हे शब्दसुद्धा चिकटून आले होते.

कोड्यांत वाद होतात, सामान्यज्ञानात कशाला होतील, असं वाटून मी 'जगातला सर्वात उंच पर्वत कोणता?' इतका सोपा प्रश्न टाकला. सगळ्यांना यावं, सगळे खूश व्हावेत. इंजिनियरने विचारलं, 'कुठून मोजायचा?' समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट. पायथ्यापासून मोजला तर हवाईचा मौना केआ, कारण त्याचा निम्म्याहून जास्त भाग पाण्याखाली आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर इक्वेडोरच्या चिंबोराझोचं शिखर सर्वात दूर, कारण पृथ्वी पोटाशी फुगीर आहे. 'प्रश्न नीट विचारत जा,' असा शेराही मिळाला. खरं तर हे सगळं मला पाठ होतं. पण 'मलाही माहीत होतं' यासारखं केविलवाणं वाक्य दुसरं नाही, म्हणून गप्प बसलो.

चंद्रांनी तर अब्रूच घालवली. 'सर्वात जास्त चंद्र असलेला ग्रह?' माझ्या वहीतलं उत्तर: गुरू, ९२. एका मित्राच्या शाळकरी मुलीने बापाच्या फोनवरून कळवलं, 'काका, शनी. २७४.' शोधलं तेव्हा कळलं की गुरूने शनीला मागे टाकलं होतं ते २०२३च्या फेब्रुवारीत, आणि मे महिन्यात शनी १४५ चंद्र घेऊन परत पुढे गेला. २०२५ साली त्याचा आकडा २७४वर पोचला. म्हणजे माझं उत्तर जेमतेम तीन महिने खरं होतं, आणि नेमकं तेव्हाच मी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

पण खरं महाभारत घडलं ते तीन दारांवरून. एका दारामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडलंत. कुठे काय आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक आहे. तो उरलेल्यांतलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, निवड बदलणार? बदलावी. पहिल्या फटक्यात आपण तीनातल्या दोन वेळा बकरीच धरलेली असते, आणि तेव्हा गाडी त्या दुसऱ्या बंद दारामागेच असते. हे मरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात लिहिलं, तेव्हा त्यांना सुमारे १०,००० पत्रं आली. बहुतेकांनी त्यांनाच चूक ठरवलं आणि त्यांत पीएचडीवालेही शेकड्यांनी होते. पॉल एर्डशसारख्या गणितज्ञालाही आधी हे पटेना. मग आमच्या बँकवाल्याला कसं पटावं? 'दोन दारं उरली, म्हणजे निम्मं-निम्मं. रोज आकड्यांतच असतो मी,' असं लिहून तो थांबला. चौथ्या दिवशी तर ग्रुपमधूनच गेला.

त्याला समजवायला मी व्हिडिओ कॉलवर तीन पेले पालथे घातले, एकाखाली खोडरबर. दहा डाव. निवड बदलून चार वेळा खोडरबर मिळालं, न बदलता सहा वेळा मिळालं असतं. गणित माझ्या बाजूचं होतं, पेले त्याच्या. 'शंभर डाव खेळू,' मी म्हणालो. 'तू खेळ,' म्हणाला आणि फोन ठेवला. त्या रात्री पेले मीच लावले, मीच विसरायचा प्रयत्न केला आणि मीच ओळखले. याला प्रयोग म्हणता येणार नाही हे पहाटे लक्षात आलं.

महिन्याभराने बँकवाला ग्रुपवर परतला. येताना कोडं घेऊन आला. तीच तीन दारं, त्याच बकऱ्या. 'सूत्रसंचालक आज नवा आहे, त्याला काही ठाऊक नाही. त्याने उरलेल्यांतलं एक दार अंदाजाने उघडलं, नशिबाने बकरी निघाली. निवड बदलशील?'

अखेर पटलं म्हणायचं! मी वाक्य पुरतं न वाचताच ठोकून दिलं, 'अर्थात बदलेन! तीनातल्या दोन वेळा गाडी! महिनाभर हेच तर सांगत होतो!!!'

त्याने फक्त अंगठा दाखवला.

अंगठ्याकडे बघता बघता मी कोडं पुन्हा वाचलं. अंदाजाने उघडलं. नशिबाने निघाली. माहीत नसलेल्या माणसाने दार उघडलं की उरलेल्या दोहोंतलं कुठलं बरं, हे त्या उघडण्यातून कळत नाही. उरलेली दोन्ही दारं सारखीच, निम्मं-निम्मं.

घाईघाईने बोट दाबलं. 'हा मेसेज डिलीट केला आहे.'

खाली लगेच प्रश्न आला, 'काय होतं?'