आजोबांचं रडणं किती मात्रांचं?

यंदा स्पर्धेच्या नाटकाला पार्श्वसंगीत कोण देणार, असा प्रश्न तालमीत निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण एकच, माझ्या घरी कीबोर्ड आहे. तो मला वाजवता येतो का, हे कुणी विचारलं नाही. सांगली नाट्यपंढरी पडली. इथं एखाद्याच्या माळ्यावर जुना कंदील सापडला तर त्याला प्रकाशयोजना देतात.

मीही हो म्हटलं. लॅपटॉप आहे, पोरीच्या हट्टापायी घेतलेला छोटा मिडी कीबोर्ड, म्हणजे लॅपटॉपला जोडून वाजवायचा, आहे, वर एक सॉफ्टवेअर टाकलं की झालं संगीत, असा माझा हिशेब होता. फक्त कुठलं टाकायचं ते चार माणसांना विचारावं म्हटलं.

पहिला माणूस आमचा डॉल्बीवाला मित्र. गणपतीत त्याच्या गाडीमागून चाललं की छातीचा पिंजरा ताल धरतो. तो म्हणाला, "एफएल घे भावा, डोळं झाकून घे." लगेच उघडूनही दाखवलं. "हे बघ, सोळा चौकोन. ह्यात टिंबं टाकायची. झाली हलगी तयार."

"अरे, आमच्या नाटकात हलगी नाही. आजोबा मरतात."

"मग मयताला हलगी लागतीच की!"

बोलणं खोटं नव्हतं. एफएल स्टुडिओ हे बेल्जियमचं सॉफ्टवेअर. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर फुकट, आणि तालापासून सुरुवात करणाऱ्याला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं सापडणं अवघड. फुकट चाचणीची आवृत्तीही आहे; त्यात केलेलं काम सेव्ह होतं, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही. म्हणजे स्पर्धा होईपर्यंत लॅपटॉप बंद करायचा नाही, एवढंच पथ्य.

भाचा पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, "मामा, लॉजिक घ्या. पैसे एकदाच भरायचे."

"पण ते मॅकवरच चालतं ना?"

"हो. मॅकचे पण एकदाच भरायचे."

भाच्याच्या ओळखीचा रेकॉर्डिस्ट तर प्रो टूल्सखाली बोलायलाच तयार नव्हता. कोल्हापूरचे एक जुने अरेंजर क्युबेसचं नाव काढताना कानाला हात लावतात. क्युबेस १९८९ सालचं, हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गचं, सुरुवातीला अटारी कॉम्प्युटरवर चालायचं. ही सगळी माहिती त्यांनी अशी दिली की मला वाटलं, आता मुंज कुठं झाली तेही सांगतील. शिवाय एका सद्‌गृहस्थाने "विकत कशाला, क्रॅक देतो की" म्हणून चोरीच्या सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह पुढे केला. तो मी घेतला नाही. बँकेची कामंही मी त्याच लॅपटॉपवर करतो, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरपायी ती दुसऱ्या कुणी करावीत अशी माझी इच्छा नाही.

एवढ्या लोकांनी एवढं सांगितलं, पण प्रत्येकाने सुचवलं ते स्वतःकडचंच. "तू कामाला बसलास की पहिल्यांदा काय करतोस?" हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की पहिल्यांदा मी अण्णांचं ऐकतो. अण्णा आमचे दिग्दर्शक. ते म्हणतात, "इथं जरा ओलं पाहिजे." ओलं केलं की म्हणतात, "एवढं नको, पूर आला." सांगलीच्या माणसाला पूर म्हटल्यावर पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आता हे ओलं किती ओलं, याचं बटन कुठल्या सॉफ्टवेअरात आहे?

मग मी एकेक चाचणी आवृत्ती उतरवून घेतली. त्यात पहिली भेट झाली बफर नावाच्या गृहस्थाशी. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे होतात, आणि त्यातले किती साठले की लॅपटॉपने ते वाजवायचे, हे बफर ठरवतो. १०२४ ठेवले तर पट्टी दाबल्यावर सूर किमान २३ मिलिसेकंद उशिरा येतो. कागदावर हे काहीच नाही, पण बोटं बिथरतात. आपल्यामागून कुणीतरी आपली नक्कल करत वाजवतंय असं वाटत राहतं. १२८ वर आणला तर उशीर तीनवर येतो आणि माझा म्हातारा लॅपटॉप ताज्या भडंगासारखा कुरकुरायला लागतो. घरात आणखी एक कुरकुर सुरू झाली होती ती वेगळीच. "त्या आजोबांना एकदाचं मरू द्या की हो," बायको म्हणाली, "रोज रात्री किती रडवताय?"

दुसरी पंचाईत ओवीची. नाटकात जात्यावरची एक ओवी आहे, ती आत्याच्या आवाजात घेतली. आत्या गाते ती श्वासावर. दाणे टाकायचे तिथं थांबते, जातं जड झालं की लांबवते. इकडे बहुतेक सॉफ्टवेअरं उघडली की मिनिटाला १२० ठोके मांडून तयार बसलेली असतात. एकाने तर मला न विचारता ओवी ओढूनताणून त्या ठोक्यांवर बसवली. आत्याला ऐकवली. ती म्हणाली, "गळा चांगलाय बाईचा. पण इतकी घाई कशाची? गिरणी बंद व्हायला आलीय काय?"

रीपर नावाच्या सॉफ्टवेअरने मात्र ओवी आहे तशी ठेवली. पडद्यावर ठोक्यांच्या रेघा असतात, त्यांचं बंधन बंद केलं की ते कुणालाच ठोक्यावर उभं करत नाही. रीपर मूळचं जस्टिन फ्रँकेलचं. आपण सगळ्यांनी ज्याच्यावर गाणी ऐकली ते विनॅम्पही त्याचंच. साठ दिवस फुकट, घरगुती परवाना साठ डॉलरचा. साठ दिवसांनंतरही ते उघडतं, फक्त उघडताना विकत घेण्याची आठवण करतं. इतकी सभ्य उधारवसुली मी आपल्याकडच्या बाजारात पाहिलेली नाही, आणि त्या सभ्यतेचाच त्रास होऊन शेवटी मी पैसे भरले. मिरजेच्या एका कारागिराकडे जाऊन तंबोराही त्यातच रेकॉर्ड केला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी मी लॅपटॉप उघडल्यावर कारागिराने काळजीने विचारलं, "ह्यात जवारी येती का?" जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या सुराची ती झणझणती गुंज. आली. बाहेरून गेलेल्या रिक्षाचा हॉर्नही आला, तोही नेमका काळी एकच्या जवळपास, म्हणून राहू दिला.

सगळं जुळलं असं वाटलं आणि आजोबा रडले.

म्हणजे तालमीत रडले. आजोबांचं काम करणारे आमचे तात्या मोठे नट, पण ते एक दिवस अर्ध्या मिनिटात आवरतात आणि दुसऱ्या दिवशी भरून आलं की दोन मिनिटं थांबत नाहीत. मी ट्रॅक केला चाळीस सेकंदांचा. संगीत संपलं आणि तात्या कोरडेच रडत राहिले. लांबवला, तर तात्या उठून आत गेले आणि रिकाम्या आरामखुर्चीसाठी बासरी वाजत राहिली. "तात्या, जरा मोजून रडाल का?" असं मी विचारून बघितलं. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती पाहता पुन्हा विचारणार नाही.

खरं तर या दुखण्यावरचं औषध याच गावात निघालं होतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपली भाषणं आयत्या वेळी रचून बोलायची. राक्षसाचं भाषण लांबलं तर सूत्रधार थांबत असणार. ठरलेल्या सेकंदाला पद सुरू करायला त्याला कुणी लॅपटॉप दिला नव्हता. मला नेमकं तसं थांबणारं काहीतरी हवं होतं, आणि ते मिळालं आमच्याच कीबोर्डच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली. एबलटन लाइव्हच्या लाइट आवृत्तीचं कार्ड. बऱ्याच मिडी कीबोर्डांबरोबर ते फुकट येतं. बर्लिनच्या या सॉफ्टवेअरात 'सेशन' नावाचा पडदा आहे. त्यात संगीत एका रेषेत न मांडता तुकड्यातुकड्यांनी ठेवायचं. एक तुकडा दाबला की पुढचा दाबेपर्यंत तोच फिरत राहतो. लाइटमध्ये ट्रॅक आठच मिळतात. तंबोरा, ओवी, बासरी, पाऊस, रेल्वे एवढं घालून वर तीन उरले. अण्णांना उरल्याचं सांगितलं नाही.

आता काम रीपरमध्ये करायचं आणि प्रयोगाला लाइव्हमधून सोडायचं, असं बसलं. रंगीत तालमीला मी विंगेत लॅपटॉप घेऊन बसलो. तात्या रडायला लागले, मी तंबोरा सोडला, वर बासरी सोडली. तात्या रडतायत, बासरी फिरतीय. बराच वेळ झाला तरी तात्या उठेनात. मी पुढचा तुकडा दाबायला बोट वर धरून बसलो. तात्या डोळ्याच्या कोपऱ्यातून विंगेकडे बघत पुन्हा नव्याने हुंदका काढत होते. प्रेक्षकांत बसलेल्या एका बाईंनी खरोखर डोळे पुसले, मग घड्याळ बघितलं. शेवटी अण्णाच रंगमंचावर आले.

"काय चाललंय काय, तात्या?"

"मी काय करू?" तात्या रुमालाने नाक पुसत म्हणाले. "ह्याचं संगीतच संपंना!"