विमानातली जागा आणि ‘सरकून घ्या’ची सवय

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले आणि दर्यापूर-अचलपूरकडची घरेही विमानाने जाण्याचा विचार करू लागली. त्याचबरोबर व्हॉट्सॲपवर एक उपदेशही फिरू लागला आहे: कुटुंबाला एकत्र बसता यावे म्हणून कुणी जागा बदलून मागितली तर ती द्यावीच, नाही म्हणणारा माणुसकीशून्य. त्यासाठी दिलेली कारणे तपासून पाहिली तर टिकत नाहीत.

‘तिकीट सगळ्यांचे सारखेच असते,’ हे पहिले कारण तर उघडच चूक आहे. भाडे ज्याचे त्याचे वेगळे असते, शिवाय पसंतीच्या जागेसाठी अनेकांनी जास्तीचे पैसे मोजलेले असतात.

‘एसटीत आपण सरकून घेतोच ना?’ घेतो, आणि ती आपली चांगली सवय आहे. पण परतवाड्याच्या गाडीत सरकणारा माणूस चार बोटे जागा देऊन त्याच बाकावर राहतो. विमानात एक आसन, एक पट्टा. तिथे सरकता येत नाही, उठून जावे लागते. गुडघ्याच्या किंवा लघवीच्या त्रासामुळे वाटेकडची जागा घेतलेल्या म्हाताऱ्याने आपले दुखणे परक्याला का सांगावे? त्याचे ‘नाही’ पुरेसे आहे.

‘लहान मुले असतील तर नियमच आहे,’ या कारणात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये निर्देश दिले, की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावरच्या) किमान एका पालकाशेजारी जागा मिळावी. परंतु ही जबाबदारी कंपनीची आहे, शेजारच्या प्रवाशाची नव्हे. आपल्याकडे अर्धी तिकिटे पुण्याचा भाचा काढतो, अर्धी तालुक्याचा एजंट. मग पीएनआर दोन होतात आणि नियमाचा आधार सुटतो. मुलाचे आणि आईचे तिकीट एकत्रच काढावे, अडचण आली तर चेक-इनच्या काउंटरवरच सांगावे.

‘कर्मचाऱ्यांना मध्ये कशाला घालायचे?’ कारण बेलोऱ्याला येणारे एटीआर विमान जेमतेम 70 आसनांचे आहे, त्यात वजनाचा तोल राखण्यासाठी प्रवाशांना ठरवून बसवावे लागू शकते. आणि आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत मुलांना बसवतच नाहीत.

विचारायला मात्र कुणाची हरकत नाही. आधी दुसऱ्याच्या जागेवर बसून मग विनंती करू नये (रुमाल टाकून जागा धरण्याचा हा प्रकार विमानात फार वाईट दिसतो). ‘दादा, माझी पुढची खिडकीची जागा आहे, ती घेता का?’ असे, त्याच्याइतकी किंवा त्याहून चांगली जागा देऊ करत विचारावे. मागच्या रांगेतली मधली जागा देऊन पुढची खिडकी मागणाऱ्याला नकार मिळाला, तर त्यात माणुसकीचा प्रश्न येत नाही.