मामा, जनुक फसलं नाही

नौपाड्यातल्या मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "बीटी कापूस फसला. तुम्ही लॅबवाल्यांनी शेतकऱ्याला बुडवलं." इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये मी गुलाबी बोंडअळीच्या जनुकांवरच काम करते, हे ठाऊक असून लिहिलं. राग आला, अजून गेलेला नाही.

बीटी कापूस म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला, अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारा कापूस. त्याला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचं, म्हणजे दोन विषांचं वाण आलं, आणि २०१७ साली विदर्भात त्याच वाणाची बोंडं किडली. पण का? अळी दोन्ही विषांना पुरून उरत होती. पहिलं विष अळीच्या आतड्यात ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं, त्याचं जनुकच या अळ्यांत बिघडलेलं सापडतं. हा बिघाड आई-बाप दोघांकडून आला तरच अळी तगते. म्हणून कडेला साधा कापूस लावायचा. त्यावर वाढलेले पतंग तगलेल्या पतंगांशी जुळले, की पुढची पिढी बीटी खाऊन मरते. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळायची. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. वर फरदड (वेचणीनंतरही न उपटता राखलेला कापूस) मार्चपर्यंत उभी, म्हणजे अळीची उपासमार कधी नाहीच.

ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी साधा कापूस नेमाने लावला, २००६ पासून विमानांतून वांझ पतंग सोडले, आणि २०१८ साली इथल्या कृषी खात्याने देशातल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. मामा, जनुक तेच होतं!

त्याने एवढंच विचारलं, "दोन एकरवाल्याने त्यातल्या ओळी अळीला का द्यायच्या?"

इथल्या कासा ग्रांदे गावच्या शेतात बांधावर उभं राहिलं तर दुसरा बांध दिसत नाही. तिथे कडेच्या ओळी कुणाच्या घासातून जात नाहीत. शिवाय त्या पुडीतलं बी नीट उगवत नसल्याच्या तक्रारी मी वाचलेल्या होत्या. मामाला लिहिताना नेमकं तेवढंच गाळलं.

पंचवीस वर्षं ठाण्यात काढली, पण उभा कापूस पहिल्यांदा पाहिला तो इथे. तोवर कापूस म्हणजे जांभळी नाक्यावरून आणलेली गुंडाळी आणि आजीने मांडीवर वळलेल्या वाती. यवतमाळच्या अळीचा डीएनए मी वाचलाय, यवतमाळला कधी गेलेले नाही. आणि तरी तिथल्या माणसाने काय पेरायला हवं होतं, हे मामाला ठासून सांगत होते.

डिसेंबरात घरी येतेय. विदर्भ एक्स्प्रेसने बडनेऱ्याला उतरून पुढे यवतमाळ. फरदड तेव्हा उभी असेल. मामाला विचारलंय, येतोस का.