रागावलेल्या मुलीचं पुस्तक

नाशिकच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींचा एक वाचनगट आहे. त्यात सध्या एका पुस्तकावरून वाद पेटलाय. पुस्तक मीच सुचवलं होतं : एरिका सांचेझ यांची २०१७ सालची ‘आय ॲम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर’ ही किशोरांसाठीची कादंबरी. गटातल्या बहुतेकींच्या मुली आठवी ते बारावीत. दोन आक्षेप आले. हे सगळं अमेरिकेतलं, आपल्या मुलींचा त्याच्याशी काय संबंध? आणि नायिका भलती उद्धट, पुढे जीव द्यायला निघते. असलं पुस्तक आपण होऊन मुलीच्या हातात कसं द्यायचं?

पहिल्या आक्षेपाचं मला नवल वाटतं. शिकागोतली पंधरा वर्षांची हुलिया. आई लोकांच्या घरी साफसफाईला जाते, वडील गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात. थोरली बहीण ओल्गा ट्रकखाली सापडून गेली. ओल्गा म्हणजे गुणी मुलगी : आईवडिलांना सोडून कुठे न जाणारी, आईच्या हाताशी असणारी. हुलियाला लेखिका व्हायचंय, दूर शिकायला जायचंय, आणि आता घरातली प्रत्येक गोष्ट गेलेल्या बहिणीच्या मापानं मोजली जाते. मी अमेरिकेत पोर्टलंडला राहते. इथल्या शेजारपाजारच्या घरांपेक्षा हुलियाचं घर मला पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या कितीतरी जवळचं वाटलं. पाहुणे येणार म्हणून मुलीनं कसं बसावं, किती बोलावं, चार लोक काय म्हणतील, सगळं तेच.

दुःख कसं करायचं हे नाशिकला कुणी शिकवायला नको. देशभरातून लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. दहावा, कावळा शिवण्याची वाट पाहणं, तेराव्याचं गोड जेवण. माणसाला शोकातून पुढे सरकवणारी ही रीत मला आजही शहाणपणाची वाटते. पण तिच्यात रागाला जागा नाही, आणि मुलीच्या रागाला तर नाहीच. गेल्या वर्षी माझ्या भाचीचे वडील गेले. ती एकुलती एक. अग्नी दिला चुलतभावानं, दहाव्यालाही तोच पुढे. ही मागच्या पायरीवर बायकांमध्ये उभी. येणारा प्रत्येकजण तिला एकच सांगत होता : “रडू नकोस हं बाळा, आता आईला तूच सांभाळायचंस.” पुढच्या काही महिन्यांत तिनं क्लासला जाणं सोडलं, दारं आपटू लागली, आजीला उलट बोलू लागली. घरात निष्कर्ष निघाला की पोरगी हाताबाहेर चाललीय. तिला दुःख झालंय, हे तोवर सगळे विसरून गेले होते.

पोर्टलंडमध्ये डगी सेंटर नावाची संस्था आहे, १९८२ पासून. घरातलं माणूस गमावलेली मुलं तिथे एकमेकांना भेटतात. तिथे ‘ज्वालामुखीची खोली’ आहे. भिंतींना गाद्या लावलेल्या. मुलांनी आत जायचं, ओरडायचं, उशा बडवायच्या, आणि शोकातला हा राग वागण्यातला दोष मानायचा नाही. ही समज मला नाशिकमध्ये हवी आहे. खोली बांधायला वेळ लागेल. पुस्तक उद्याही देता येईल.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. हीच कादंबरी शाळांच्या वाचनालयांतून काढून टाका, अशा मागण्या इथल्याही पालकांनी केल्या. भीती तीच, फक्त भाषा वेगळी.

दुसरा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. आईला धास्ती वाटणारच. पण कादंबरी हुलियाच्या जीव द्यायच्या प्रयत्नापाशी थांबत नाही. पुढे रुग्णालय येतं, समुपदेशक येते, तिच्यासारखीच इतर मुलं भेटतात, आणि मेक्सिकोत आजीकडे गेल्यावर आईचा भूतकाळ कळतो. (हा शेवटचा भाग मला जरा घाईत उरकल्यासारखा वाटला, आणि ओल्गानं लपवलेल्या गुपिताचा हुलिया घेते तो शोध मध्ये लांबलाय.) हुलिया गोड नाही, हेच लेखिकेचं मोठं धाडस. तिला आवडती करण्यासाठी तिचा राग कुठेही धुऊन काढलेला नाही. मुलगी एकटी वाचणार असेल तर आईनं आधी वाचावं, नंतर बोलावं. आणि सरकारची टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी २०२२ पासून आहे. तो क्रमांक पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा.

भाचीनं अर्धं पुस्तक वाचून मला फोन केला. “मावशी, ही आईशी जे बोलते ते मला नाही पटत. पण तिला ओल्गाचा राग येतो ना, ते खरंय. मला बाबांचा येतो.” आम्ही तासभर बोललो. वडील गेल्यापासून ती माझ्याशी एवढं कधीच बोलली नव्हती.

तिला इंग्रजी झेपतं. नाशिकमधल्या सिडको-सातपूरच्या मराठी शाळांतल्या मुलींचं काय? कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या नाशिकहून निघून दुबईपर्यंत पोचल्या, आमच्यासारख्यांना त्यांनी मराठी वाचतं ठेवलं. अशा पेट्यांत रागावलेल्या, शोक करणाऱ्या मुलीची एक तरी मराठी कादंबरी असायला हवी; अनुवाद चालेल, नाशिकच्या मुलीनं लिहिलेली असेल तर फारच उत्तम. गटातल्या मैत्रिणींना मी कळवलंय : कादंबरीच्या प्रती मी पाठवते, पण आधी तुम्ही स्वतः वाचा, आणि मग मुलींना द्यायची की नाही ते आपण ठरवू.