शेजारधर्माने भाषा कशी विसरावी

आपली लहानशी भाषा बिनबोभाट संपवायची असेल, तर इंग्रजीच्या भरवशावर राहू नये. ती परकी दिसते आणि तिचा निदान राग तरी येतो. त्यापेक्षा शेजाऱ्याची भाषा बरी. केनियात, व्हिक्टोरिया सरोवरातील रुसिंगा आणि म्फांगानो बेटांवरच्या सुबा लोकांनी हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चोखाळला आहे. त्यांची भाषा ओलुसुबा बांटू भाषाकुळातली, भोवतालच्या बहुसंख्य लुओ लोकांची धोलुओ नायलोटिक कुळातली. पण कुळ जुळत नाही म्हणून सोयरीक अडली नाही.

सुरुवात घरापासून करावी. सून लुओ आणावी आणि नातवंडे आईची भाषा बोलू लागली की कौतुक करावे. प्रार्थना धोलुओत म्हणावी, बाजारात ओमेना मासळीचा भावही धोलुओतच करावा. उरलेले काम सरकार करते. पहिली तीन वर्षे मुलांना परिसराच्या भाषेतून शिकवावे, असे केनियाचे जुने धोरण आहे, आणि परिसराची भाषा म्हणजे अर्थातच बहुसंख्यांची. त्यामुळे सुबा मुलाला ‘मातृभाषेतून शिक्षण’ मिळते ते धोलुओतून. आईच लुओ असेल, तर सरकारला खोटेही म्हणता येत नाही.

भाषा सोडताना नाव मात्र सोडू नये, कारण नाव बोलावे लागत नाही. 2019च्या जनगणनेत दीड लाखाहून अधिक लोकांनी स्वतःला सुबा म्हणवले. 2010च्या राज्यघटनेने देशी भाषांच्या संवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. तो मजकूर चौकटीत लावावा. ओलुसुबा शाळेत आणण्याचे प्रयत्न झाले, तर त्यांना मुळीच विरोध करू नये, फक्त जिच्यावर मुलाचे पुढचे शिक्षण ठरते त्या परीक्षेत तिला गुण ठेवू नयेत.

म्फांगानोवरच्या तरुणांनी ओलुसुबातून रेडिओ चालवला आहे, त्यांच्यापासून जपून राहावे. पोरे ऐकू लागली की घरी येऊन आजीला शब्दांचे अर्थ विचारतात, आणि आजीला ते अजून आठवतात.

एवढे करूनही कुणी वारशाची चौकशी केलीच, तर त्याला रुसिंगावर न्यावे. तेथे 1948मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासक मेरी लीकी यांना प्रोकॉन्सुल या प्राचीन वानराची, सुमारे 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीची कवटी सापडली. ती जागा अभिमानाने दाखवावी आणि सगळी माहिती धोलुओतून द्यावी; कवटीची काही हरकत नसते.